फाटकाबाहेर आलेले ग्रंथ

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. टक्के किती पडले, हा पहिला. आणि कोणती शाखा घेणार, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला ‘सायन्स’ असे उत्तर आले की विचारणारा खुशीत पेढा तोंडात टाकतो. ‘कॉमर्स’ आले की मान डोलावतो. आणि ‘आर्ट्स’ असे आले की घरात कोणी आजारी असावे तसा आवाज खाली आणून म्हणतो, “असू दे, असू दे. त्यातही पुष्कळ करता येते हो!” मी पेशाने शाळामास्तर असल्यामुळे हे सांत्वन मी दर वर्षी ऐकतो, आणि पेढाही खातो.

साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांचे ग्रंथ कॉलेजात वाचणे म्हणजे दुसरे काही न जमल्यावर करावयाची गोष्ट, असा आज समज झाला आहे. पण आपल्या महाराष्ट्रात कॉलेज नावाची वस्तू आली तेव्हा हेच वाचन तिथले मुख्य काम होते. गणितसुद्धा बी.ए.च्याच पोटात होते. लोकमान्य टिळक १८७६ साली गणितात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले ते बी.ए. म्हणूनच. त्या वाचनाने काय घडले, कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले गेले, याची हकिगत या दिवाळीच्या निवांतपणात वाचकांपुढे मांडावी असे मनात आहे.

माझा या विषयाशी संबंध कोणता, हेही आधी सांगितलेले बरे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कॉलेजच्या बाकावर विद्यार्थी म्हणून मी कधी बसलो नाही. तरी शेक्सपियर मला भेटला, कालिदास भेटला, सॉक्रेटिसाची ओळख झाली. ती झाली याचे कारण, कॉलेजात बसलेल्या काही माणसांनी तिथे वाचलेले मराठीत आणून ठेवले. पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो ते त्याच शिदोरीवर. म्हणजे ही गोष्ट मी ऋणकोच्या नात्याने सांगतो आहे. ऋणको हिशेब नीट ठेवतो, असा माझा अनुभव आहे.

आरंभ पुण्यातून करावा लागतो. १८१८ साली पेशवाई बुडाली. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत असत. राज्य गेले, पण दक्षिणेची रक्कम एकाएकी बंद केली तर विद्वान मंडळी बिथरतील, हे नव्या राज्यकर्त्यांनी ओळखले. त्या पैशातला काही भाग वळवून १८२१ साली पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. न्याय, व्याकरण, वेदान्त, ज्योतिष अशी शास्त्रे तिथे जुन्या पद्धतीने शिकविली जात. पुढे तीत इंग्रजीने प्रवेश केला. १८५१ साली तिचे पूना कॉलेज झाले, १८६४ साली डेक्कन कॉलेज झाले, आणि १८६८ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या आधाराने येरवड्याच्या बाजूला तिची दगडी इमारत उभी राहिली. पेशव्यांची दक्षिणा आणि पारशी शेटजींचे औदार्य यांच्या पायावर आमचे पहिले शेक्सपियरचे वर्ग भरले, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटते.

मुंबईची कथा याला समांतर आहे. १८२७ साली गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी मुंबई सोडली. त्यांच्या स्मरणार्थ शहरातल्या लोकांनी वर्गणी गोळा केली, ती दोन लाखांवर गेली. त्या पैशातून पुतळा किंवा कमान न उभारता युरोपातल्या विद्या शिकविणारे प्राध्यापक आणावेत, असे ठरले. एल्फिन्स्टन संस्थेत १८३४ साली पहिले एतद्देशीय साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमले गेले ते बाळशास्त्री जांभेकर. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा तरुण. त्याआधी दोनच वर्षे त्यांनी ‘दर्पण’ काढले होते. बाळशास्त्री वर्गात शिकवीत ते पाश्चात्त्य शास्त्रे आणि वाङ्मय. आणि त्याच बाळशास्त्र्यांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी प्रथम छापून प्रसिद्ध केली. या दोन गोष्टी एका माणसाने केल्या, हे माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे पहिले सूत्र आहे. परक्यांचे थोर ग्रंथ मन लावून वाचणाऱ्याला आपल्या घरातल्या थोर ग्रंथांची किंमत कळते. तोवर पोथीत असलेली ज्ञानेश्वरी छापखान्यात गेली ती इंग्रजी शिकलेल्या प्राध्यापकाच्या हातून.

एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीही हे सूत्र उचलले. १८४८ साली तिथे विद्यार्थ्यांची एक वाङ्मयीन आणि शास्त्रीय सभा निघाली. दादाभाई नौरोजी तिच्या प्रमुख चालकांत होते. सभेचे मुख्य कामकाज इंग्रजीत चाले. पण लगेच तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, आणि वर्गात शिकलेले लोकांना त्यांच्या भाषेत सांगण्याचा प्रघात पडला. मराठी शाखेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून निघू लागले. एवढ्यावर ही पोरे थांबली नाहीत. १८४९ साली त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला स्वतःच तिथे बिनपगारी शिकविले. कॉलेजात बसून निबंध लिहावयाचे आणि मग जाऊन परकराच्या वयाच्या मुलींना मुळाक्षरे गिरवावयास लावावयाची! मोठे ग्रंथ वाचून माणूस हवेत तरंगू लागतो, असे म्हणणाऱ्यांनी या शाळांकडे पाहावे.

यानंतर १८५७ साल उजाडले. उत्तरेत बंडाचा वणवा पेटला असताना त्याच वर्षी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ साली झाली आणि पहिले बी.ए. १८६२ साली बाहेर पडले. ते चौघे होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चार पदवीधर! आज एका कॉलेजच्या एका वर्गात यापेक्षा जास्त मुले गैरहजर असतात.

या चौघांच्या काळात एल्फिन्स्टन कॉलेजात सर अलेक्झांडर ग्रँट शिकवीत होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरचे त्यांचे संपादन विलायतेत गाजलेले होते. गुरू तोलामोलाचा, शिष्यही तसाच. रानड्यांच्या चरित्रकारांनी एक प्रसंग नोंदविला आहे. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी कारभाराशी तुलना केली आणि तीत मराठ्यांना झुकते माप दिले. ग्रँटसाहेबांनी निबंधाची तारीफ करावी ती बाजूलाच राहिली. जे सरकार तुला शिकविते त्याचीच निंदा करतोस, अशा अर्थाची समज देऊन त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. ग्रीसचा आणि रोमचा इतिहास वाचावयास द्यावा, स्वातंत्र्यावरचे ग्रंथ नेमावेत, आणि विद्यार्थ्याने तोच गज आपल्या अंगणात लावून पाहिला की रागवावे, असा हा प्रकार. रानडे रागावले नाहीत. तो प्रश्न त्यांनी मनात ठेवला. मराठ्यांची सत्ता कशी उदयास आली, हे सांगणारा त्यांचा ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थिदशेत पडलेल्या प्रश्नाचे उत्तर माणसाने सुमारे चाळीस वर्षांनी पूर्ण करावे, याला मी अभ्यास म्हणतो.

भांडारकरांची वाट निराळी. त्यांनी संस्कृताकडे तोंड वळविले आणि इंग्रजी पद्धतीची संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके लिहिली. त्यांतले पहिले १८६४ सालचे. त्या पुस्तकांवर पिढ्या शिकल्या. पाठशाळेत गुरुमुखातून आणि तेही ठरावीक घरांतल्या मुलांना मिळणारी भाषा यामुळे शाळेत जाणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याच्या दप्तरात आली. निदान यावयास हरकत नव्हती. प्रत्यक्षात हरकत घेणारे पुढे कसे भेटले, ते ओघाने येईलच.

आता या कथेतला सल. विद्यापीठाच्या आरंभीच्या परीक्षांत मराठीला जागा होती. पण थोड्याच वर्षांत, १८६० च्या दशकात, मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकण्यात आल्या आणि त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा आल्या. देशी भाषांत अभ्यासण्याजोगे वाङ्मय नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. म्हणजे ज्या भाषेत ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम झाले ती भाषा मॅट्रिकपर्यंत ठीक. फाटकाच्या आत तिला मज्जाव. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला असल्यामुळे मराठीची ही अवस्था मला अगदी जवळच्या नातेवाइकाची वाटते.

मज्जाव झाला, पण त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. कॉलेजात मराठी नव्हती, म्हणून कॉलेजातून बाहेर पडलेल्यांनी ती बाहेर मोठी केली. विष्णुशास्त्री चिपळूणकर डेक्कन कॉलेजचे पदवीधर. त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे पुण्याच्या पाठशाळेतले. त्यांनी सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले आणि इंग्रज ग्रंथकार जॉन्सन याच्या ‘रासेलस’ या कथेचे भाषांतर हाती घेतले, ते पुढे मुलाने पुरे केले. बाप आणि मुलगा एकाच पुस्तकावर काम करताहेत, असे घर डोळ्यांसमोर आणा. १८७४ साली विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. एकट्याने लिहावयाचे मासिक! सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक. जॉन्सन, मेकॉले यांची लांब पल्ल्याची वाक्ये ज्याने पचविली होती, त्याने मराठी गद्याला तशीच चाल शिकविली. त्यांचे सगळेच म्हणणे आज पटणारे नाही. त्यांच्या अभिमानाला पुष्कळदा दुराग्रहाची धार येई. पण मराठी वाक्याला कमरेत ताठ उभे राहावयास त्यांनी लावले, हे कबूल करावेच लागते.

गोपाळ गणेश आगरकर हे कराडजवळच्या टेंभूचे, हलाखीच्या घरातले. डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता. रात्री धुवावयाचा, सकाळी घालावयाचा, ही कथा आपल्या पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. ती गरिबीची कथा म्हणून सांगतात. मला तिच्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. एक सदरा असलेला हा मुलगा तिथे पोटापाण्याची विद्या न शिकता मिल आणि स्पेन्सर यांचे तत्त्वज्ञान वाचीत होता. टिळक आणि तो कॉलेजच्या वसतिगृहात रात्र रात्र वाद घालीत. त्या वादांतून शाळा काढण्याचा बेत निघाला. चिपळूणकर आणि टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल उघडले, एम.ए.ची परीक्षा आटोपून आगरकर तिला येऊन मिळाले, आणि याच मंडळींच्या कामातून १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले.

मध्यंतरी १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या दिवसांत आगरकरांच्या मनात घोळत होता तो शेक्सपियरचा हॅम्लेट. त्यांचे ‘विकारविलसित’ हे हॅम्लेटचे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. डेन्मार्कचा राजपुत्र मराठीत चंद्रसेन झाला. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन गावोगाव गाजला. ज्यांनी कॉलेजचे फाटक दुरूनही पाहिले नव्हते, असे प्रेक्षक बापाच्या खुनाने बेचैन झालेल्या त्या राजपुत्राबरोबर रात्रभर जागले. याच आगरकरांनी १८८८ साली मराठी वाक्यरचनेवर ‘वाक्यमीमांसा’ लिहिली. हॅम्लेटचे मन उलगडणारा माणूस मराठी वाक्याचे कर्ता-कर्म तपासत बसला होता. बाळशास्त्र्यांचे सूत्र इथेही तेच.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून कोणाची छाती अभिमानाने फुगली असेल, तर त्याने पुढचा परिच्छेद सावकाश वाचावा.

आगरकर डोंगरीच्या तुरुंगात शेवटचा आठवडा काढीत होते, त्याच सुमारास, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीराव फुले यांनी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन मांडले. त्यात एक साधा हिशेब होता. सरकारचा महसूल येतो कोठून? शेतकऱ्याच्या घामातून. तो खर्च होतो कोणावर? वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ज्याच्या पैशावर कॉलेज चालते, त्याच्या पोराला गावात प्राथमिक शाळाही नाही. तेव्हा निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही जोतीरावांची मागणी होती.

हे लिहिणारा माणूस कॉलेजात गेलेला नव्हता. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. तिथून बाहेर पडताना, १८४७ च्या सुमारास, त्याने टॉमस पेन याचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ वाचला. दुसऱ्याच वर्षी त्याने पुण्यात मुलींची शाळा काढली. १८७३ साली त्याने ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ज्या ग्रंथांचा अभ्यास फाटकाच्या आत परीक्षेसाठी चालला होता, त्याच जातीच्या एका ग्रंथाचा फाटकाबाहेरच्या माणसाने इतका शब्दशः अर्थ घेतला, की त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. ‘निबंधमाले’ने जोतीरावांच्या भाषेतल्या चुकांवर बोट ठेवले. व्याकरणाच्या बाबतीत मास्तर म्हणून मी चिपळूणकरांशी वाद घालणार नाही. पण पुस्तक समजले कोणाला, असा प्रश्न केलात तर माझे मत जोतीरावांना आहे.

आणि माणसे पुस्तकांपेक्षा मोठी असतात, याचाही दाखला इथेच मिळतो. कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना जामीन लागला तेव्हा जोतीरावांच्या शब्दावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे पुढे झाले. मतभेद होते, ते पुढेही राहिले. पण जामीन दिला गेला.

फाटकाबाहेर आणखी अर्धा समाज उभा होता, तो म्हणजे घरातल्या बायका. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकल्या, सगळ्या मुलांत एकट्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. परीक्षेत त्यांचे यश असे होते की विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी. ती मिळाली नाही. कारण काय, तर त्या स्त्री होत्या. शेवटी हितचिंतकांनी वर्गणी जमविली आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. पुढे १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले आणि तिथले शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे ठरविले. हिंगण्याच्या माळावरच्या त्या छोट्याशा संस्थेत उच्च शिक्षणाला मराठी चालली. मोठ्या विद्यापीठाला जे अशक्य वाटत होते, ते एका गणिताच्या प्राध्यापकाने विधवांच्या आश्रमाशेजारी करून दाखविले.

मोठ्या विद्यापीठात मराठीसाठी झगडत राहिले ते रानडे. पहिल्या चार पदवीधरांतले एक, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, विद्यापीठाच्या कारभारातले वजनदार सभासद; तरी त्यांना वर्षानुवर्षे एकच गोष्ट पटवून द्यावी लागत होती, की मराठीत वाङ्मय आहे. त्यासाठी त्यांनी मराठी ग्रंथसंपदेचा आढावा घेणारे टिपण इंग्रजीत लिहिले. आपल्या आईची योग्यता परक्या भाषेत, पुराव्यानिशी सिद्ध करून द्यावी लागावी, यासारखे दुःख कोणते? १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. त्याच वर्षी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. ज्याने दार ठोठावले तो दार उघडलेले पाहावयास राहिला नाही.

याला सव्वाशे वर्षे होत आली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. अभिजात नाही म्हणून जिला फाटकाबाहेर काढले होते, तीच आता सरकारी शिक्क्याने अभिजात ठरली. पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. मला मात्र त्या दिवशी रानड्यांचे ते टिपण आठवले.

राहिला भांडारकरांच्या पुस्तकाचा धागा. संस्कृत आता छापील पुस्तकात आली होती. पण शाळकरी भीमराव आंबेडकरांना ती शिकू दिली गेली नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. फारसी आणि इंग्रजी घेऊन ते एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले, १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि संस्कृत पुढे स्वतःच्या बळावर शिकले. परत येताना त्यांनी जमविलेली पुस्तके ज्या बोटीवर चढविली होती, ती १९१७ साली महायुद्धात बुडाली. पण ज्यांची पुस्तके बुडतात ते सगळेच बुडत नाहीत. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. दिवसा नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दुसरे कॉलेज निघाले. त्याला पुढे त्यांनी नाव दिले ‘मिलिंद’.

हे नाव ठेवण्यामागे एक ग्रंथ आहे. मिलिंद म्हणजे मिनँडर, वायव्येकडे राज्य करणारा ग्रीक राजा. नागसेन नावाच्या भिक्षूला त्याने प्रश्नांमागून प्रश्न विचारले, आणि उत्तर पटले तेव्हा राजा असूनही हार कबूल केली. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात तो संवाद आहे. ग्रीक राजा, भारतीय भिक्षू, आणि दोघांच्या मध्ये एक प्रामाणिक प्रश्न: थोर ग्रंथ शिकण्याचे याहून चांगले चित्र मला सुचत नाही.

त्या कॉलेजात मराठवाड्यातली, दुष्काळी गावांतली, कुडाच्या घरांतली मुले आली. तिथले प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आलेले. तिथल्या काळ्या लेखकांनी आपले दुःख कसे मांडले हे त्यांनी मराठी तरुणांना सांगितले. त्याच शहरातून गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ निघू लागले. दलित साहित्याचा मोठा प्रवाह यानंतर मराठीत वाहू लागला. जोतीरावांनी १८७३ साली अमेरिकेतल्या गुलामांकडे वळून पाहिले होते. शंभर वर्षे होण्याच्या आत तो धागा कॉलेजच्या वर्गातून पुन्हा हाती आला.

वाचकहो, हिशेब इथे संपतो. त्याची बेरीज मी अशी करतो. ग्रंथ कॉलेजात शिकविले गेले म्हणून आपोआप काही घडले नाही. त्या वर्गांत बसून नुसते परीक्षा देणारे आणि सरकारी नोकरीत रुजू होणारे पुष्कळ होते; त्यांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत. घडले ते दोन कारणांनी. काहींनी वाचलेले स्वतःच्या घरावर, स्वतःच्या समाजावर लावून पाहिले. आणि काहींनी ते मराठीत आणून फाटकाबाहेरच्यांच्या हाती दिले. ज्या दिवशी ही दोन कामे थांबतील, त्या दिवशी ‘त्याचा उपयोग काय?’ या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर राहणार नाही, आणि तो विचारणाऱ्या बापाला दोष देता येणार नाही.

तो बाप माझ्याकडेही येतो. पोरगी हुशार आहे, तिला मराठी घेऊन शिकावयाचे आहे, काय करू, असे विचारतो. पोट भरण्याची काळजी खरी असते. तिची मी थट्टा करीत नाही. तिला टंकलेखन, संगणक, एखादे हुन्नर शिकू द्या, असेच सांगतो. पण त्याबरोबर तिला ते ग्रंथ वाचू द्या, असेही सांगतो. आगरकर एका सदऱ्यावर वाचीत होते म्हणून तुमच्या-माझ्या गावात हॅम्लेट आला. तुमची पोरगी काय घेऊन येईल, ते आज तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही.

आणि ज्यांच्या घरी असे कोणी वाचते आहे, त्यांना एक विनंती. या सुट्टीत ते मूल घरी आले असेल. फराळाचे झाल्यावर त्याला समोर बसवा आणि या वर्षी काय वाचलेस ते आम्हाला समजेल अशा मराठीत सांग, म्हणावे. आजीलाही बोलवा. पहिल्यांदा ते मूल अडखळेल, मध्येच इंग्रजीचा आधार घेईल. घेऊ द्यावा. थोड्या वेळाने त्याला नेमका शब्द सापडेल.